रिकाम्या बाकामागचा शब्द

सभागृहात घंटा वाजते. मतविभागणी! लगबगीने सदस्य आत येतात, दारं बंद होतात, मोजणी होते. दुसऱ्या दिवशी यादीत काही नावांपुढे एकच शब्द असतो: गैरहजर.

तो वाचून आपण चिडतो, आणि बरेचदा ते रास्तच असतं. पण त्या एका शब्दात आजारपण असतं, बाळंतपण असतं, मंत्र्याचा परदेश दौरा असतो. पक्षाविरुद्ध मत द्यायची हिंमत नाही आणि पक्षासोबत द्यायला मन धजत नाही, म्हणून मुद्दाम बाहेर राहणारेही त्यातच येतात. यादी कारण सांगत नाही.

शिवाय पुष्कळ गैरहजेऱ्या आधी ठरलेल्या असतात. ठरवतात ते पक्षप्रतोद. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये याला ‘पेअरिंग’ म्हणतात. सत्ताधारी पक्षाचा एक सदस्य येऊ शकत नसेल, तर विरोधी पक्षाचाही एक जण त्या मतदानापुरता बाहेर थांबतो. दोन्हीकडचं एकेक मत कमी होतं, फरक तेवढाच राहतो. सभागृहाच्या नियमांत या जोडीला जागा नाही. सगळं दिल्या शब्दावर चालतं.

28 मार्च 1979. जेम्स कॅलहन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारवर अविश्वास ठराव आला होता. मजूर खासदार आल्फ्रेड ब्रॉटन मरणाच्या दारात होते. आवारात उभ्या रुग्णवाहिकेत असलेल्या सदस्याचंही मत तिथे धरलं जाई, पण तेवढा प्रवास ब्रॉटन यांना झेपला नसता. मजूर पक्षाचे उपमुख्य प्रतोद वॉल्टर हॅरिसन जोडी मागायला गेले ते हुजूर पक्षाच्या बर्नार्ड वेदरिल यांच्याकडे. अविश्वासाच्या मतदानाला जोडी लावत नाहीत, आमच्यातलं कुणी तयार होणार नाही, असं वेदरिल यांनी सांगितलं. आणि मग स्वतःच बाहेर राहायची तयारी दाखवली. त्यांची राजकीय कारकीर्द तिथेच संपली असती. हॅरिसन यांनी त्यांना शब्दातून मोकळं केलं. सरकार 311 विरुद्ध 310 मतांनी पडलं. ब्रॉटन पाच दिवसांनी गेले.

सत्ता जात असताना हॅरिसन असे वागले. मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. पण दर वेळी समोर असा माणूस असेलच असं नाही.

जुलै 2018. ब्रेक्झिटची चुरशीची मतदानं सुरू होती. नुकत्याच बाळंत झालेल्या खासदार जो स्विन्सन घरी होत्या. त्यांच्या जोडीतले, सत्ताधारी हुजूर पक्षाचे ब्रँडन लुइस यांनी मात्र दोन मतदानांत मत दिलं. पुढे चूक झाल्याचं सांगून माफी मागितली गेली, पण विश्वास उडाला तो उडालाच.

म्हणूनच 15 जानेवारी 2019 रोजी मजूर खासदार ट्यूलिप सिद्दिक यांनी जोडी नाकारली, सिझेरियन पुढे ढकललं आणि व्हीलचेअरवरून मतदानाला आल्या. बाळंतपणाच्या तोंडावर असलेल्या बाईवर ही वेळ यावी, याचा मला आजही राग येतो.

भारतात तर प्रश्न आणखी टोकदार आहे. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षादेश असताना परवानगीशिवाय मतदान टाळलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्वच जाऊ शकतं. म्हणजे गैरहजर राहायची मुभाही पक्षाच्या हातात.

सिद्दिक सभागृहात आल्या, त्यानंतर दोनच आठवड्यांत कॉमन्सने बाळंतपणासाठी प्रतिनिधीमार्फत मतदानाची सोय मान्य केली. आता जोडीदाराच्या शब्दावर विसंबायची गरज नव्हती. ती सोय सर्वांत आधी वापरली सिद्दिक यांनीच.