मीटरमागे एक रुपया

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या चांगल्या कामाला निधी मिळावा म्हणून उंच डोंगर चढण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. ओळखीपाळखीच्या लोकांकडून देणगीचे वचन घ्यायचे, चढाई करायची आणि जमलेली रक्कम संस्थेच्या हवाली करायची. विमानाचे तिकीट मात्र स्वतःच्या खिशातून काढावे, देणगीला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे आणि त्यावरून माझे अनेकांशी वाजलेही आहे. आज बोलायचे आहे ते टांझानियातील किलिमांजारोच्या शेवटच्या चढाईबद्दल.

तो दिवस मध्यरात्रीच सुरू होतो. साडेचार हजार मीटरांहून उंच असलेल्या बराफू तळावरून बाराच्या सुमारास निघायचे, पहाटे विवराच्या कडेवरील स्टेला पॉइंट गाठायचा, तेथून ५,८९५ मीटर उंचीच्या उहुरू शिखरावर जायचे आणि त्याच दिवशी सुमारे ३,१०० मीटरांवरील म्वेका तळापर्यंत उतरायचे. रात्री निघण्याचे कारण असे, की पायाखालची भुसभुशीत ज्वालामुखीय माती तेव्हा थंडीने आवळलेली असते. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवतात, कारण पाणी वरच्या बाजूने गोठू लागते आणि उलट्या बाटलीचे तोंड तेवढे मोकळे राहते.

शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायूही निम्माच मिळतो. डोके दुखते, मळमळते, अन्नावरची वासना उडते. पण तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता असते आणि मग क्षणभरही न थांबता खाली उतरावे लागते. पुन्हा सांगतो, तोल गेला की खाली उतरायचे. तेथे गोळी घेऊन वाट पाहायची नसते.

आमच्या तुकडीत एक निवृत्त बँक अधिकारी होते. सगळे त्यांना काका म्हणत. थॅलेसेमिया झालेल्या मुलांच्या औषधांसाठी ते निधी जमवत होते आणि बँकेच्या माणसाला शोभेल अशी योजना त्यांनी आखली होती: मीटरमागे एक रुपया, म्हणजे प्रत्येक देणगीदाराचे ५,८९५ रुपये, पण शिखरावर पाय ठेवला तरच. ही अट काकांनी स्वतःच घातली होती. वाटेत ते मुदत ठेवींच्या व्याजदरांवर अखंड बोलत असत. त्या रात्री तीनच्या सुमारास ते गप्प झाले, आणि ही गोष्ट आमच्याआधी आमच्या टांझानियन वाटाड्याच्या लक्षात आली. त्याने डोके दुखते का, असे विचारताच प्रश्न पुरा होण्याआधीच काका "नाही" म्हणाले. वाटाड्याने दिव्याच्या झोतात जमिनीवर काठीने रेघ ओढली आणि टाचेला चवडा लावून तिच्यावरून चालण्यास सांगितले. तिसऱ्या पावलालाच काका डावीकडे कलले. दुसऱ्यांदाही तसेच झाले.

"उतरायचे," वाटाडा म्हणाला. त्यावर काकांनी त्याला शुद्ध मराठीत पाच हजार आठशे पंच्याण्णव रुपयांचे गणित सुनावले. त्याने ते मान डोलावत शांतपणे ऐकून घेतले आणि काकांचे खांदे धरून त्यांना उताराकडे वळवले. त्यांच्या सोबतीला दुसरा वाटाडा दिला. घड्याळातील उंची तेव्हा ५,३०० मीटर होती. देणगी शिखराला बांधली की माणूस डोकेदुखी लपवतो, म्हणून अशी अट कोणीही घालू नये. ओझे वाहणाऱ्या हमालासाठी तेथे वीस किलोंची मर्यादा आहे आणि प्रवेशद्वारावर काट्यावर वजन करून ती पाहिली जाते. देणगीदारांच्या अपेक्षांचे ओझे मात्र कोणी तोलत नाही.

काकांना बराफूवर न थांबवता थेट म्वेकाला नेले होते. संध्याकाळी आम्ही तेथे पोहोचलो, तेव्हा ते सूप पीत वहीत हिशेब मांडत होते, आणि ते बोलत होते हे पाहून आमचा जीव भांड्यात पडला. घरी परतल्यावर त्यांनी सर्वांना पत्र लिहिले, की शिखर झाले नाही, सबब अटीनुसार आपण काहीही देणे लागत नाही. बहुतेकांनी पूर्ण रक्कम पाठवली. एका जुन्या रोखपालाने मात्र ३,५०० रुपयेच पाठवले आणि सोबत स्पष्टीकरण जोडले, की पहिले १,८०० मीटर, म्हणजे चढाईच्या प्रवेशद्वारापर्यंत, तुम्ही गाडीने गेला होता. उलट गणिताच्या एका निवृत्त शिक्षिकेने कळवले, की चढण्याचे पैसे मिळतात तर वेळेवर उतरण्याचेही मिळायला हवेत. त्यांनी ५,३०० मध्ये म्वेकापर्यंतच्या उताराचे २,२०० मिळवले आणि ७,५०० रुपयांचा धनादेश धाडला. तो शिखराच्या भावापेक्षाही १,६०५ रुपयांनी अधिक होता, आणि काकांनी पहिली पावती त्यांच्याच नावाने फाडली.

नमस्कार.