वीस किलोचा बेत

(दृश्य : पुण्यातल्या एका सोसायटीचा हॉल. जमिनीवर पसरलेलं सामान. ग्रिलला टांगलेला हातकाटा.)

काट्याला लटकलेली ही बॅग एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला निघालेल्या एका निवृत्त बँक अधिकारी काकूंची. १४ किलो ४०० ग्रॅम. गटप्रमुख वहीत आकडा लिहितो आणि मान वर न करताच म्हणतो, “काकू, साडेचार किलो काढा.”

“अरे, सगळं तुझ्याच यादीतलं आहे!”

नाहीये. चेन उघडल्यावर दिसतंच आहे. शाम्पूची मोठी बाटली, दोन जाडजूड टॉवेल, सुती ट्रॅकसूट, थालीपिठाच्या भाजणीचा डबा, आणि बेस कॅम्पवर फोटोसाठी नेसायला नऊवारी. भाजणी की नऊवारी, यावर बराच वेळ वाद चालला. तो सगळा आमच्याकडे चित्रित आहे, पण निकाल एवढाच की भाजणी पुण्यात राहिली.

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं म्हटलं की लोक आधी बुटांचं विचारतात. कुठल्या कंपनीचे, किती हजारांचे. या गटात बुटांचा विषय पाच मिनिटांत संपला. घोट्याच्या वर येणारे घ्या, निघायच्या दोन महिने आधी घ्या, आणि सिंहगडावर चार-सहा वेळा मळवून आणा. बाकी अख्खी संध्याकाळ या काट्यापाशी गेली.

कारण खुंबूच्या, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या भागातल्या, वाटेवर साधारणपणे दोघा ट्रेकरांचं सामान एक भरिया, म्हणजे हमाल, वाहतो. दोघांचे १५-१५ धरले की झाले ३०. ट्रेकिंगच्या व्यवसायात भरियाच्या ओझ्याला ३० किलो ही वरची मर्यादा धरतात, आणि गंमत अशी की मर्यादा ठरली की सगळे नेमके तिथपर्यंत भरतात. त्यात भरियाचे स्वतःचे कपडे, पांघरूण यांचं वजन कोणी धरत नाही. या गटाने माणशी १० किलो ठरवले. दोघांचे मिळून २०. तसंही जिथून चालायला सुरुवात होते त्या लुक्लाच्या छोट्या विमानात माणशी १५ किलोच्या आसपासच नेऊ देतात, १० बॅगेत आणि ५ हातात. पण तिथे जादा पैसे भरले की जादा बॅग चढते. म्हणून आकडा पुण्यातच पक्का केला.

(दृश्य : बॅगेत सामान भरणारे हात, जवळून.)

दहा किलोत काय मावतं? उणे तापमानात चालेल अशी स्लीपिंग बॅग, पिसांचं जाकीट, अंगालगत घालायचे थर्मलचे दोन जोड, एक फ्लीस, दोन पँटी, लोकरी मोज्यांचे चार जोड, कानटोपी, हातमोजे, डोक्याला लावायचा दिवा. सुती कपडा एकही नको. घामाने भिजला की वाळत नाही आणि थंडी तिथूनच शिरते. पाणी, पावसाळी जाकीट, गॉगल, औषधं, सुकामेवा हे ज्याचं त्याने पाठीवर घ्यायचं.

(दृश्य : भिंतीवरचा पांढरा फळा. दिवस आणि उंची.)

आता फळ्याकडे बघा. लुक्ला २८०० च्या थोडं वर, मग फाकदिंगला उतरून २६०० मीटर. नामचे ३४४०. तिथे दोन रात्री. मग तेंगबोचे ३८६०, डिंगबोचे ४४००. पुन्हा दोन रात्री. लोबुचे ४९००, गोरक्षेप ५१५०, आणि बेस कॅम्प ५३६४. दोन ठिकाणी दुहेरी रेघ मारलीय, ते विश्रांतीचे दिवस. ऑफिसातून रजा मिळत नाही म्हणून लोक पहिल्यांदा खोडतात ते हेच. फळ्याशी उभा असलेला तरुण आयटीतला आहे. तो विचारतोय, “नामचेचा एक दिवस वाचवला तर रविवारी घरी पोचता येईल का?”

पोचता येईल. हेलिकॉप्टरने.

प्रकार असा आहे. हवेत प्राणवायूचं प्रमाण सगळीकडे २१ टक्क्यांच्या घरातच असतं. उंचीवर हवेचा दाब घटतो, आणि बेस कॅम्पच्या उंचीला एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने निम्माच प्राणवायू पदरात पडतो. शरीर जुळवून घेतं. श्वास वाढवतं, रक्त बदलतं. पण त्याला दिवस लागतात, आणि ते दिवस ताकदीने कमी होत नाहीत. म्हणून डॉक्टरांचा साधा नेम: ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरहून फार वर नेऊ नका, आणि तीन-चार दिवसांनी एक मुक्काम वाढवा.

सह्याद्रीत कितीही तंगडतोड केली तरी हे शिकायला मिळत नाही. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. नामचे त्याच्या दुपटीहून वर. कात्रज ते सिंहगड रात्रीतून मारणाऱ्याचे पाय तयार होतात, दम तयार होतो, आणि म्हणूनच तो वर गेल्यावर भरभर चालतो. खुंबूत आधी डोकं दुखतं ते बहुधा अशाच पोरांचं.

उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल प्रत्येकाने विचारलं. डॉक्टरांना दाखवून, सल्फाची ॲलर्जी नाही ना हे बघून घ्यायची. गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, चढायचे दिवस कमी करायला नाही. कागदपत्रांचं एका वाक्यात: भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधार कार्डावर भागवू नका. विमा मात्र ६००० मीटरपर्यंतचा आणि हेलिकॉप्टरसकट. आणि गटप्रमुखाने काठमांडूच्या एजन्सीला पाठवलेल्या पत्रातला पहिलाच प्रश्न पडद्यावर दिसतोय: भरियांचा विमा किती रकमेचा आहे, त्याची प्रत पाठवा.

(दृश्य : पहाट, रामेछापचा विमानतळ. मग लुक्लाची धावपट्टी.)

हंगामात काठमांडूचा विमानतळ गजबजलेला असतो, म्हणून लुक्लाची बरीचशी विमानं रामेछापहून सुटतात. म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडीत. विमानाच्या आतलं चित्रण नाही. कॅमेरावाल्याने डोळे घट्ट मिटले होते.

धावपट्टी बघा. लांबी ५२७ मीटर, चढ जवळजवळ १२ टक्के. एका टोकाला भिंत, दुसऱ्या टोकाला दरी. १९६४ साली एडमंड हिलरी यांच्या देखरेखीखाली ही जागा सपाट केली गेली, खुंबूतल्या शाळा-दवाखान्यांचं सामान आणायला. माती दबावी म्हणून शेर्पांना छांग, म्हणजे तिथली घरगुती दारू, पाजून जमिनीवर नाचवलं, अशी हकिकत सांगतात. २००८ पासून विमानतळाला तेनसिंग आणि हिलरी या दोघांचं नाव आहे.

ही धावपट्टी होण्याआधी सगळं पाठीवरून. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचं सामान काठमांडूच्या खोऱ्यातून तेंगबोचेपर्यंत साडेतीनशेहून जास्त भरियांनी वाहिलं, अडीच आठवडे चालत. २९ मे रोजी माथ्यावर पोचलेले दोघे जगाला ठाऊक आहेत. त्या साडेतीनशेंतली बहुतेक माणसं तेंगबोचेला पैसे घेऊन घरी परतली.

(दृश्य : लुक्ला, लॉजचं अंगण. भरिया बॅगा बांधतायत. इथे दृश्य लांब ठेवा.)

बांधणी बघण्यासारखी आहे. दोन डफल बॅगा एकावर एक. दोरीचा एकच फेर, गुडघा रोवून आवळलेला. मग नाम्लो, म्हणजे कपाळावर येणारा रुंद पट्टा. ओझं खांद्यावर नाही, कपाळावरून पाठीच्या कण्यात उतरतं. हातातली ही आखूड, आडव्या मुठीची काठी म्हणजे टोकमा. वाटेत दम खायचा तर ओझं खाली ठेवत नाहीत, उचलायला पुन्हा ताकद जाते. टोकमा मागे टेकवायचा, ओझं त्यावर बसवायचं, उभ्या उभ्या चार श्वास घ्यायचे आणि निघायचं.

गटप्रमुख काय करतोय तेही बघा. तो भरियांचे बूट बघतोय, एकेकाचे, तळ उलटा करून. मग जाकीट, हातमोजे, गॉगल. बर्फावर गॉगल नसेल तर दिवसभरात डोळे जातात. तात्पुरते जातात, पण त्या वाटेवर तेवढं पुरतं. एकाकडे गॉगल नव्हता. तो लुक्लाच्या बाजारातच घेतला. १९९७ मध्ये एक तरुण नेपाळी भरिया उंचीच्या आजाराने गेल्यानंतर भरियांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला. त्यांच्या मागण्या वाचल्या तर त्यात जगावेगळं काहीच नाही. उंचीला साजेसे कपडे, रात्री छप्पर आणि जेवण, ट्रेकरला मिळतात तेच औषधोपचार, आणि आजारी पडला तर हिशेब हातात ठेवून एकट्याला खाली धाडायचं नाही.

आजारी तो पडतोच. इथले बरेचसे भरिया शेर्पा जमातीचे नाहीत. राई, तामाङ, मगर अशा जमातींचे, खालच्या खोऱ्यांतल्या गावांतले. शेती संपली की हंगामापुरते वर येतात. ४५०० मीटर त्यांनाही तितकेच नवे असतात जितके पुण्याच्या काकूंना. म्हणजे फळ्यावरच्या त्या दोन दुहेरी रेघा त्यांच्यासाठीही होत्या.

हे दुसरं ओझं बघा, पुलावर येतंय ते. हे ट्रेकरांचं नाही. लॉजसाठी चाललेले प्लायवूडचे तक्ते, नूडल्सची खोकी, गॅसचं सिलिंडर. इथे मजुरी किलोवर असते, म्हणून माणूस झेपेल तितकं, आणि न झेपेल तितकंही, उचलतो. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात नामचेच्या वाटेवरच्या भरियांवरचा अभ्यास आला होता. पुरुषांच्या पाठीवर सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं, बायकांच्या ६६ टक्के. लॉजमध्ये गरम पाण्याची बादली वर जाताना महाग का होते, जेवणाचे दर उंचीगणिक का चढतात, ते या पुलावर कळतं. आम्ही तर दर वाचून कुरकुर करणाऱ्यांचंही चित्रण केलंय, ते काढून टाकलं.

(दृश्य : दूधकोशी नदीवरचा झुलता पूल, फडकणारे झेंडे. नामचेची चढण.)

पुलानंतर नामचेपर्यंत सलग ६०० मीटरची चढण. याक किंवा खेचरं समोरून आली की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या नाही. नामचेचा विश्रांतीचा दिवस म्हणजे पडून राहायचं नाही. वरच्या खुमजुंग गावापर्यंत चढून जायचं आणि झोपायला खाली यायचं. खुमजुंगची ही शाळा १९६१ ची, हिलरींनी उभारलेली. आयटीतला तरुण इथे प्रथमच मागे पडलेला दिसतो. वाटाड्या त्याला म्हणतोय, “बिस्तारै, भाइ, बिस्तारै.” सावकाश.

(दृश्य : तेंगबोचेचा मठ, मागे अमा दब्लम शिखर.)

इथे बोलायचं काही नाही. बघा.

(दृश्य : डिंगबोचे. दगडी कुंपणांची शेतं. मग फेरिचेचा दवाखाना.)

डिंगबोचेच्या विश्रांतीच्या दिवशी टेकडी ओलांडून गट फेरिचेला गेला. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा हा दवाखाना हंगामात चालू असतो, आणि डॉक्टर उंचीच्या आजारावर रोज एक व्याख्यान देतात. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही सुरुवात. चालताना झोक जायला लागला, बडबड असंबद्ध झाली, किंवा बसल्या जागी धाप लागली तर औषध एकच, ताबडतोब खाली उतरणं. रात्र असली तरी. व्याख्यानाला ट्रेकरांची गर्दी असते. आमच्या गटाने भरियांनाही सोबत नेलं; मागच्या बाकावर नेपाळीत भाषांतर करतोय तो आमचा वाटाड्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटातले एक जण खाली परतले. सोबत एक भरिया.

(दृश्य : थुकला खिंड. गिर्यारोहकांची दगडी स्मारकं. फक्त वाऱ्याचा आवाज.)

(दृश्य : खुंबू हिमनदीची कड, गोरक्षेप, बेस कॅम्प.)

बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचा माथा दिसत नाही, हे बऱ्याच जणांना इथे आल्यावर कळतं. तो बघायचा तर पहाटे काला पत्थर ही टेकडी चढायची, साडेपाच हजार मीटरच्या वर. आणि पिवळ्या तंबूंचं गाव हवं असेल तर एप्रिल-मेमध्ये या, तेव्हा मोहिमा असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश स्वच्छ मिळतं, पण इथे दगड आणि बर्फच. नऊवारी थर्मलवरून नेसली गेली. फोटोत काकूंच्या शेजारी उभा आहे तो त्यांची बॅग वर आणणारा. हा फोटो त्यालाही पाठवलाय.

(दृश्य : लुक्ला, परतीचा दिवस. ढग.)

बक्षिसीचा हिशेब पुण्यातच झाला होता. माणशी किती, ते आधीच बाजूला काढलेलं. पाकिटं कंत्राटदाराच्या हाती न देता ज्याची त्याला, त्याच्या नावाने दिली. खाली उतरवलेल्या माणसाबरोबर गेलेल्या भरियाला पूर्ण दिवसांचे पैसे मिळाले, त्याचं पाकीट वेगळं होतं.

दरीत ढग भरले की विमानं बंद. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवले होते, ते इथे कामी आले. आयटीतल्या तरुणाने सोमवारची मीटिंग लॉजच्या वायफायवरून केली. कॅमेरा बंद ठेवून.