पुगा खोऱ्यातील उष्ण झरे आणि टाकणखार

लडाखच्या आग्नेय भागात, चांगथांगच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,४०० मीटर उंचीवर पुगा नावाचे एक अरुंद खोरे आहे. लेहहून सिंधूच्या काठाने उपशी, चुमाथांग करत माहेपर्यंत जायचे, तिथे पूल ओलांडून सुमदोपाशी वळायचे, की या खोऱ्याचे तोंड लागते. त्सो मोरीरी किंवा त्सो कार या सरोवरांकडे निघालेले प्रवासी इथे थोडा वेळ थांबतात, वाफांची छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. गंधकाच्या जुन्या खाणीकडे आणि जमिनीवर पसरलेल्या पांढऱ्या टाकणखाराकडे (बोरॅक्सकडे) सहसा कुणी वळत नाही. माझे म्हणणे असे आहे की पुग्यात झरा आणि खाण या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. जे पाणी आपल्या पायाशी उकळते आहे, त्यानेच इथले खनिज वर आणले आहे, आणि ते काम अजून चालू आहे.

हे कसे घडते ते पाहू. भारतीय आणि आशियाई भूखंड जिथे एकमेकांना भिडले, त्या सिंधू सांध्याच्या पट्ट्यात पुगा येते. तिथले खडक मोडलेले, भेगाळलेले आहेत. डोंगरांवरचे बर्फ वितळून त्याचे पाणी या भेगांतून खोल उतरते, तिथल्या उष्णतेने तापते, खडकांतले बोरॉन, लिथियम, सीझियम अशी द्रव्ये आपल्यात विरघळवून घेते आणि दुसऱ्या भेगांनी पुन्हा वर येते. त्याबरोबर हायड्रोजन सल्फाइड हा वायूही येतो. नाकाला जो कुजका वास जाणवतो तो याचाच. पृष्ठभागाजवळ त्याची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडली की गंधक सुटा होतो आणि खडकाच्या फटींत त्याचे बारीक, टोकदार, पिवळे स्फटिक जमतात. खोऱ्याच्या पश्चिम टोकाला जुन्या खाणीपाशी वाकून पाहिले तर ते साध्या डोळ्यांनाही दिसतात.

टाकणखाराची गोष्ट याहून मनोरंजक आहे, कारण तिच्यात वाळवंटाचा वाटा मोठा आहे. टाकणखार हा पाण्यातल्या बोरॉनचाच क्षार. तो पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे भरपूर पावसाच्या मुलखात तो जमिनीवर टिकलाच नसता; वर आला तसा ओढ्याने वाहून नेला असता. लेहच्या परिसरात मात्र वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, हवा कोरडी असते आणि ऊन प्रखर. ओलसर जमिनीतले पाणी मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून वर चढते, हवेत उडून जाते आणि खार मागे ठेवते. पुग्यात चालताना बुटाखाली पापडासारखा मोडतो तो हाच थर. तो बाजूला केला की खाली करडा, ओला आणि कित्येक ठिकाणी हाताला कोमट लागणारा चिखल दिसतो. वाळवंटात खाण असते आणि वाळवंटात झराही असतो, पण झऱ्याची खाण होते ती वाळवंटामुळेच, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणाऱ्या जागा थोड्या आहेत.

आता स्नानाविषयी थोडे, कारण तो प्रश्न हमखास विचारला जातो. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास साठ टक्केच उरतो आणि पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळते. पुग्यातल्या सर्वांत उष्ण झऱ्यांचे तापमान ८४ अंशांपर्यंत मोजले गेले आहे, म्हणजे ते पाणी खरोखरच उकळत असते. शंभर अंश नाही म्हणून ते भाजणार नाही, असे समजणे धोक्याचे आहे. कोमट पाणीही आहे, पण हातभर अंतरावर तापमान बदलते, तेव्हा तापमापक घातल्याशिवाय पाय घालू नये, आणि वाफा निघत असलेल्या पातळ थरावर तर उभेच राहू नये. लेहला पुरेशी विश्रांती घेऊन शरीर विरळ हवेला सरावले नसेल, तर गरम पाण्यात फार वेळ बसल्यावर उठताना भोवळ येण्याची शक्यता असते. ओढ्याकाठची दलदल तुडवत जाऊ नये हेही सांगायला हवे, कारण काळ्या मानेचे क्रौंच अशाच पाणथळीत घरटी करतात आणि चांगपा पशुपालकांची जनावरे तिथल्याच गवतावर चरतात.

इथला आणि तिबेटचा टाकणखार एकेकाळी मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लहान पिशव्या लादून खिंडी ओलांडत कुल्लू आणि रामपूरच्या बाजूला उतरत असे. सोनाराला डाग देताना तो लागतो, काचेला आणि मातीच्या भांड्यांच्या चकाकीलाही लागतो. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तस्कनीत भूगर्भातल्या वाफेतून, ज्यापासून टाकणखार बनवता येतो ते बोरिक आम्ल काढले जाऊ लागले, पुढे कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या वाळवंटांत टाकणखाराचे मोठे साठे सापडले, आणि हिमालयापलीकडच्या या व्यापाराचे महत्त्व ओसरले.

तस्कनीचे उदाहरण आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. तिथल्या लार्देरेलो गावी बोरिक आम्लाच्या कारखान्याचे मालक गिनोरी कोंती यांनी १९०४ मध्ये त्याच वाफेवर विजेचे दिवे लावून दाखवले आणि १९१३ मध्ये तिथे वीजकेंद्र उभे राहिले. पुग्यातही विचार त्याच दिशेने गेला. १९७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने इथे ३४ विंधनविहिरी खोदल्या, त्यांतली सर्वांत खोल सुमारे ३८५ मीटर होती, आणि १४० अंशांपर्यंत तापमान नोंदवले गेले. त्या उष्णतेवर खोली तापवण्याचे आणि टाकणखार व गंधक शुद्ध करण्याचेही प्रयोग झाले. हे प्रयोग मला विजेच्या योजनांहून अधिक समंजस वाटतात, कारण जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली पार तीसच्या घरात जातो, तिथे उष्णता उष्णता म्हणूनच वापरणे सर्वांत स्वस्त पडते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसी ही सरकारी तेल कंपनी, लडाख प्रशासन आणि लेहची पर्वतीय विकास परिषद यांच्यात एक मेगावॉट विजेच्या प्रायोगिक प्रकल्पासाठी करार झाला.

अशा प्रकल्पाकडे पाहताना किती वीज मिळेल याआधी मी एक प्रश्न विचारीन: उष्णता काढून घेतलेले पाणी कुठे सोडणार? त्यात बोरॉन असते, आणि बोरॉन प्रमाणाबाहेर गेले की वनस्पतींना विषारी ठरते. पुग्याचा ओढा खोऱ्यातली पाणथळ भिजवून माहेपाशी सिंधूला मिळतो. ते पाणी ओढ्यात न सोडता वेगळ्या विहिरीने पुन्हा खोल भूगर्भात घालावे लागेल, आणि त्या दुसऱ्या विहिरीचा खर्च पहिल्या दिवसापासूनच अंदाजपत्रकात धरावा लागेल.