सक्ती दिल्लीची, खर्च कोणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

बडोद्यात शिक्षणावर बोलायचं म्हटलं की श्रीमंत सयाजीराव महाराजांचं नाव आधी येतं, आणि बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं. आपण बडोदेकर त्या बाबतीत जरा हळवेच. १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला, १९०६ मध्ये साऱ्या संस्थानाला तो कायदा लागू झाला, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड बसायचा, हे सगळं आपल्याला तोंडपाठ. दंडाची गोष्ट तर रंगवून सांगितली जाते. पण शाळा महाराजांनीच काढल्या, मास्तरांचा पगारही दरबारानेच दिला, हे सांगायचं राहून जातं. हुकूम ज्याचा, तिजोरीही त्याचीच, असा तो कारभार होता.

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या हे बरोबर लक्षात आलं होतं. १९११ मध्ये त्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं, तेव्हा बडोद्याचा दाखला दिला, आणि खर्चाचा हिशेबही मांडला: दोन हिस्से सरकारचे, एक हिस्सा स्थानिक संस्थांचा. पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडलं.

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४५ व्या कलमात लिहिलं गेलं की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचं. १९६० आलं नि गेलं. शिक्षण तेव्हा राज्यांच्या यादीत होतं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते समवर्ती सूचीत आलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत. दोघांच्या घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, पण इथे अगदी तसं झालं नाही. खडू-फळा मोहीम आली, सर्व शिक्षा अभियान आलं, खोल्या बांधल्या गेल्या, मुलींसाठी स्वच्छतागृहं झाली. ते दिल्लीच्या पैशाशिवाय झालं नसतं, हे मान्य करायला हवं.

माध्यान्ह भोजनाचंच बघा. गुजरातने ते १९८४ मध्येच सुरू केलं होतं. केंद्राची योजना १९९५ ची, पण बहुतेक राज्यांत पोरांच्या हाती पडायचं ते महिन्याला तीन किलो कोरडं धान्य. ते घरी जायचं, आणि घरात जितकी तोंडं तितके त्याचे वाटे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की शिजवलेलं अन्न द्या. मग प्राथमिकच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं, असं माप ठरलं. दिल्लीने धान्य आणि पैसा दिला, राज्याने स्वयंपाकघर चालवलं, आणि ताट प्रत्यक्ष पोरापुढे आलं. एकत्र कारभार जमतो तो असा.

जमत नाही ते मास्तरांच्या बाबतीत. २००९ चा शिक्षणहक्क कायदा संसदेने केला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, नव्वदपर्यंत तीन, असं कोष्टकच त्यात आहे. पण शिक्षक नेमायचे राज्याने. समग्र शिक्षा योजनेत आपल्यासारख्या राज्यांना केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के, आणि ते फक्त मंजूर झालेल्या आराखड्यापुरते. पगाराचा मुख्य बोजा राज्याच्याच डोक्यावर. मग राज्य काय करतं? गुजरातमध्ये २०२३ पासून ‘ज्ञान सहायक’ म्हणून अकरा महिन्यांच्या करारावर माणसं घेतली जातात. करार संपत आला की त्या बाई दुसरी नोकरी शोधू लागतात. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? आणि जे कायम शिक्षक आहेत ते मतदारयाद्या घेऊन गल्लीबोळांतून फिरत असतात. त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात निवडणूक आणि जनगणनेच्या कामाला मुभा आहे.

त्यात २००४ पासून आपण करावर शिक्षण उपकर भरतो. उपकराची रक्कम राज्यांना वाटून मिळत नाही, ती दिल्लीतच राहते आणि योजनांच्या रूपाने, अटी घालून परत येते. तमिळनाडूने पीएम श्री या केंद्राच्या शाळा-योजनेच्या करारावर सही केली नाही, तर २०२४ मध्ये तिथल्या समग्र शिक्षेचे पैसे अडले. धोरणावरून भांडा, हवं तितकं भांडा. पण पहिलीतल्या पोराचा हप्ता का रोखायचा?

माझं मत विचाराल तर केंद्राने नव्या नावाच्या योजना काही वर्षं काढूच नयेत. म्युनिसिपालिटीच्या शाळांच्या भिंती बघा. पेन्सिलीवर बसलेल्या दोन मुलांचं जुनं चित्र अर्धवट पुसलेलं, त्यावर नवं बोधचिन्ह, बाजूला तिसऱ्याच योजनेचा फलक. रंगाऱ्याला काम मिळालं, एवढाच फायदा. त्यापेक्षा कायद्याने ठरवलेल्या प्रत्येक शिक्षकाच्या पगाराचा ठरावीक हिस्सा, कोणतीही अट न घालता, दर तिमाहीला वेळेवर द्यावा.

आता आपल्यापुरतं. शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते, तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात. सरकारी शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, आणि अनुदानाची मागणी त्यावरून होते. २५१ ते १००० पटाच्या शाळेला वर्षाला ७५,००० रुपयांचं एकत्रित अनुदान असतं. तुमचा नातू, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी अशा शाळेत असेल, तर पुढच्या बैठकीला जा. दोनच गोष्टी विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती. आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

नमस्कार.