कापूसतळणीचं स्टेशन आणि शंभराची नोट

नमस्कार मंडळी! आज बोलूया कापूसतळणीच्या स्टेशनबद्दल. अमरावती जिल्हा, अंजनगाव सुर्जीजवळ, मूर्तिजापूर-अचलपूर लाईन. आता तिथं गाडी येत नाही. यायची ती आपली शकुंतला, अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट, मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर आणि टाईम लागायचा चार तास. हो, चार तास!

लाईन टाकली किलिक निक्सन कंपनीनं, शंभरेक वर्षांपूर्वी, आणि टाकली कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनीवर जायचा, तिथून मुंबई, मग बोटीनं मँचेस्टर. आणि इंजिन कुठलं? तेही मँचेस्टरचंच, 1921 सालचं, 1994 पर्यंत पळालं, मग डिझेल आलं. आणि या लाईनीचं भाडं अजून इंग्रजांना जातं, असं सांगणारं व्हॉट्सॲप फॉरवर्ड फिरत असतं, ते पाठवणं बंद करा राव, ही किलिक निक्सन कंपनी मुंबईची आहे.

तर आमचे आबाजी पानमळेवाले. एकदा पानाच्या दोन करंड्या घेऊन स्टेशनवर आले. आता छोट्या स्टेशनवर मास्तर नसायचा, गार्डच खाली उतरणार, तिकिटं फाडणार आणि मग तोच झेंडी दाखवणार. आबाजींनी दिली शंभराची नोट. सुट्टे कुणाकडेच नाहीत, गार्ड म्हणाला थांबा, आणि गेला की गावात सुट्टे आणायला! गाडी उभी. माणसं उतरली, दिवस हरभऱ्याचे, शेजारच्या वावरात घुसून सगळे घाटे खात बसले, ड्रायव्हरसुद्धा. अर्ध्या तासानं गार्ड आला, पैसे मोजून दिले, शिट्टी मारली, सगळे पळत येऊन चढले, गाडी सुटली आणि थोडं पुढं गेल्यावर आबाजी ओरडले, अहो माझ्या करंड्या! नोटेच्या नादात त्या राहिल्या फलाटावर. गार्डनं लाल झेंडी काढली, आणि ऐका बरं, गाडी मागं घेतली. अख्खी गाडी, मागं, दोन करंड्यांसाठी. रूल बुकात काय आहे देव जाणे. आबाजींनी गार्डला पानं दिली म्हणे, कात-चुन्यासकट.

मग एसट्या आल्या, ट्रक आले, मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, करायचा म्हणून गाडी बंद झाली. काम कधी होईल ते होवो, पण झालं तर या स्टेशनवर थांबा ठेवा, एवढं मात्र मागायलाच पाहिजे. नाहीतर नवी गाडी नुसती अंजनगाव गाठेल आणि तळणीवाले परत ऑटोच्या मागं उभे.