वाघर : एका मुक्कामाची रात्र

(उतरतं ऊन. कापणी झालेलं बाजरीचं रान. पाठमोरे चालत जाणारे म्हातारबा.)

म्हातारबा रान पावलांनी मोजतायत. अलीकडच्या बांधापासून पलीकडच्या उसाच्या फडापर्यंत. मालकानं दाखवलेली जागा विहिरीला लागून होती. पाणी जवळ, सावली जवळ. म्हातारबांनी नको म्हटलं, कारण ऊसही जवळ, आणि उसात बिबट्या दडतो. आता ते उघड्या रानाच्या मधोमध थांबलेत. काठी रोवली. मुक्काम ठरला.

(माळावरून येणारी मेंढरं. धूळ.)

दिवाळी सरली की पारनेर तालुक्यातल्या धवळपुरीच्या बाजूचे धनगर वाडे निघतात. जुन्नर, ओतूर करत माळशेज घाट उतरायचा, खाली ठाणे जिल्ह्यात हिंडायचं आणि पावसाच्या आत माघारी. रोजची रात्र कुणाच्या तरी रानात. मेंढरं बसतात, लेंडी-मूत जमिनीत जिरतं, शेतकऱ्याला खत मिळतं, वाड्याला धान्य नाहीतर पैसे. वाडा म्हणजे इथं माणसं, मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या सगळं मिळून. या वाड्यात तीन बिऱ्हाडं आहेत, दोनशेच्या वर मेंढरं, चार घोडी आणि पाच कुत्री. भिंत एकही नाही.

(घोडीच्या पाठीवरून उतरणारं जाळ्याचं भेंडोळं. हातांचा क्लोजअप.)

घोडीवरून आधी तवा उतरत नाही, अंथरूण उतरत नाही. उतरते ती वाघर, मेंढरांभोवती लावायचं जाळं.

पूर्वी सुती दोऱ्याची असायची, आता नायलॉनची. दर चार-पाच पावलांवर एक मेख. मेख सरळ ठोकत नाहीत, बाहेरच्या अंगाला किंचित कलती ठोकतात, म्हणजे आतून मेंढरांचा रेटा आला तरी ती उपटत नाही. खालची दोरी जमिनीला घासून जाते. तिच्यावर अधूनमधून दगड. दोन पोरी आणि त्यांची आई मिळून हे सगळं करतात, आणि एकमेकींशी बोलतात ते भलतंच काहीतरी, कुणाच्या तरी लग्नाचं. हात आपले चाललेत. मध्येच म्हातारबांची हाळी येते, "त्या अंगाला ढिली हाय, ताण की जरा!" की पुन्हा लग्न सुरू.

(संध्याकाळच्या उजेडात पूर्ण उभी राहिलेली वाघर. माणसाच्या कमरेएवढी.)

नावात वाघ दिसतो, म्हणून हे वाघ अडवायचं जाळं असावं असं वाटतं. संस्कृतात वागुरा म्हणजे जनावरं धरायचं जाळं, शब्द तिकडचा. आणि बघा ना, कमरेएवढ्या जाळ्यानं बिबट्या अडेल कसा? तो सहज वरून येईल. लांडगाही वाट काढील. वाघर अडवते ती मेंढरांना. लांडग्याला कळपाशी झुंजायचं नसतंच, त्याला कळप उधळून हवा असतो. अंधारात मेंढरं चार दिशांना पांगली की त्याला एकटं-दुकटं सापडतं. वाघर लावलेली असली तर मेंढरं बिथरतात, गोल फिरतात, एकमेकांच्या अंगावर चढतात, पण आतच राहतात. आणि गलका करतात. तेवढ्यात माणूस उठतो.

या वाड्याची सगळी व्यवस्था त्या "तेवढ्यात"साठी आहे.

(वाघरीच्या वरच्या दोरीला टांगलेले डबे, वाऱ्यानं हलणारे.)

गोडेतेलाचे रिकामे डबे, आत मूठमूठ खडे. वारा असेल त्या रात्री ते खुळखुळतच राहतात, म्हणून अशा रात्री दोरी आखडून घेतात. घोडी वाऱ्याच्या दिशेनं बांधलीत, चारी चार ठिकाणी. घोडीला वास आधी लागतो, ती फुरफुरते, पाय आपटते. त्यानंतर कुत्री, आणि माणूस सगळ्यात शेवटी.

(चुलीच्या उजेडात बसलेला मुलगा. हातात टायरचा तुकडा, समोर खिळे.)

आता हा पट्टा बघा. मोटारसायकलच्या जुन्या टायरची दोन बोटं रुंद पट्टी. मुलगा आतल्या बाजूनं खिळा ठोकतो, टोक बाहेर निघतं. एक खिळा, मग बोटभर जागा, मग दुसरा. तेरा खिळे बसले. खिळ्यांची डोकी कुत्रीच्या मानेला टोचू नयेत म्हणून आतून गोणपाटाचं अस्तर, तेही दाभणानं टाचलेलं. पट्टा गळ्यात चढवताना कुत्री मान आपणहून पुढं करते. तिला सवय आहे.

बिबट्या गळा धरतो. कुत्रा तर त्याचं आवडतं खाणं. गळ्याला खिळे लागले की त्याची पकड बसत नाही, निदान पहिल्या झडपेला तरी. राखणीच्या कुत्र्यांच्या गळ्यात असे पट्टे कितीतरी आधीपासून आहेत. २०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडची माणसं असेच पट्टे स्वतःच्या गळ्यात घालून शेतात जाऊ लागली, तेव्हा त्याची बातमी झाली.

(अंथरुणं पडतायत. वरून घेतलेलं दृश्य.)

वरून पाहिलं की झोपायचा नकाशा दिसतो. मधे वाघर. तिच्या चार कोपऱ्यांना चार बापे, काठी उजव्या हाताशी, बॅटरी उशाखाली. कोकरांना आतल्या बाजूला वेगळं जाळं. लेकरं दोन मोठ्या माणसांच्या मधे, कडेला कधीच नाही. उसाच्या बाजूला शेकोटी, तिच्यात वाळलेलं शेण आणि ओला पाला, म्हणजे जाळ कमी आणि धूर फार. धूर डासांसाठी. बिबट्याला उजेडाचं आता फारसं काही वाटत नाही, गावातल्या दिव्यांखालून तो रोज जातो.

पाल, म्हणजे तंबू, सोबत आहे, पण ते पावसासाठी आणि बाळंतिणीसाठी. तंबूत का झोपत नाही, असं आम्ही म्हातारबांना विचारलं. "आत झोपला त्यो आंधळा झाला," ते म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. किल्ल्यांवर तीन बाजूंनी चेन लावून, कानात गाणी घालून झोपणारे आम्ही. काय बोलणार?

रात्री लघवीला जायचं तर एकट्यानं नाही. सोबत दुसरं माणूस, आणि ते उभं राहणार, बोलत राहणार. बसलेला, वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटतच नाही, उंचीवरून तो त्याला जनावर समजतो. वनखातंही हेच सांगतं. इथं हे चार वर्षांच्या पोरीला ठाऊक आहे.

(चूल मांडणारी आजी. काठीनं दगड उलटा करते.)

चुलीसाठी दगड घेताना आजी आधी त्याला काठीनं लोळवते. मग हात. विंचू दगडाखाली असतो. घाट उतरला की कोकणात लाल विंचू, आणि तो जिवावरचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्याआधी कोकणात विंचवानं माणसं हकनाक जायची. सापांसाठी म्हणून बांधाजवळ, उंदरांच्या बिळांजवळ अंथरूण टाकायचं नाही. घोंगड्यावर साप येत नाही, लोकर टोचते त्याला, असं वाड्यातला प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगतो. आम्ही ते चित्रित केलंय, पण त्यावर विसंबू नका. मण्यार रात्रीच फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावलेलं पुष्कळदा कळतही नाही. धाकट्या सुनेनं आठवडे बाजारातून मच्छरदाणी आणलीय, लेकरांवर लावून कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचते. तिचं बरोबर आहे.

(अंधार. फक्त आवाज.)

पावणेतीन. कॅमेऱ्याला काही दिसत नव्हतं, माईक तेवढा चालू होता.

(घोडीचं फुरफुरणं. शांतता. एक डबा खुळखुळतो. कुत्री. मग सगळी कुत्री. मेंढरांचा गलका. "हाऽऽ! हुर्ऽऽ!" काठ्या जमिनीवर. बॅटऱ्यांचे झोत इकडून तिकडे.)

(शांतता. कुणीतरी खोकतं.)

(पहाट. दंव. ओल्या मातीत एक ठसा, शेजारी माणसाची चप्पल.)

रात्री सगळे लांडगा म्हणत होते. सकाळी म्हातारबा ठशाशी उकिडवे बसले. लांडग्याच्या, कुत्र्याच्या ठशात नखांची टोकं उमटतात. हा गोल आहे, नखं नाहीत. बिबट्या. उसातून आला, वाघरीपासून दहा-बारा पावलांवर थांबला आणि बांधाच्या कडेनं परत गेला. का, ते माती सांगत नाही.

सगळ्याच रात्री अशा जात नाहीत. जुन्नरच्या या पट्ट्यात मेंढपाळांची लेकरं बिबट्यानं नेली आहेत. मेंढरू गेलं तर सरकारी भरपाई आहे, पण पंचनामा होईपर्यंत मुक्काम हलवता येत नाही, आणि रान तर एका रात्रीचंच मिळालेलं असतं.

(वाघर उपटली जातेय. मेखा एकावर एक पडतायत. दंवानं जड झालेलं जाळं दोघी झटकतात.)

मेखा मोजून घेतात. मेंढरं मोजत नाहीत. आजी नुसती कळपावरून नजर फिरवते, कुठली नाही ते तिला दिसतं. आज सगळी आहेत.

(मुलगा कुत्रीच्या गळ्यातला पट्टा सोडतो.)

दिवसा पट्टा काढून ठेवतात, कोकरांना टोचतो म्हणून. तेरातला एक खिळा वाकलाय. रात्री वाकला की कुत्रीनं कुठं घासून वाकवला, कुणी सांगू शकत नाही. मुलानं पट्टा दगडावर ठेवला, दुसऱ्या दगडानं दोन ठोके घातले, खिळा सरळ केला आणि पट्टा तव्याच्या गाठोड्यात टाकला.

(घोड्यांची रांग रस्त्याला लागते. सगळ्यात पुढं म्हातारबा.)

पुढचा मुक्काम दोन कोसांवर. मालकाशी बोलणं फोनवरच झालंय. रान रिकामं आहे, पाणी आहे. ऊस किती लांब, हे काही त्यानं सांगितलेलं नाही.