बाटलीतली चव आणि वाटेतली चव

मंडळी, आजच्या टेबलावर सेंट पीटर्सबर्गच्या बाल्टिका या रशियन कंपनीच्या दोन बिअर आहेत, क्रमांक तीन आणि क्रमांक सात. तीनला 'क्लासिक' म्हणतात, त्यात अल्कोहोल ४.८ टक्के. सात म्हणजे 'एक्स्पोर्ट', ५.४ टक्के. कारखाना १९९० मध्ये सुरू झाला तेव्हा शहराचं नाव अजून लेनिनग्राड होतं. बाल्टिकाच्या क्रमांकांबद्दल एक गैरसमज आधीच काढून टाकू. आकडा वाढला की बिअर कडक होते असं नाही. चार गडद आहे, सहा पोर्टर (तीही गडद, भाजलेल्या चवीची), आठ गव्हाची, आणि शून्य बिनअल्कोहोलची. आकडा फक्त प्रकार सांगतो.

तीन आणि सात या दोन्ही फिक्या लागर, म्हणजे कमी तापमानाला आंबवलेल्या उजळ बिअर. फिकी लागर चाखणं सोपं वाटतं, पण खरं तर तीच सगळ्यांत अवघड. गडद बिअरमध्ये भाजलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) असतो, काही बिअरमध्ये हॉप्सचा (कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) भडिमार असतो, आणि त्याखाली बरेच दोष झाकले जातात. फिक्या लागरमध्ये असं पांघरूण नसतं. त्यात रशियाहून आलेली बाटली म्हणजे कंटेनर, बंदर, गोदाम, दुकानाची काच असा प्रवास करून आलेली बाटली. तुम्ही जे चाखता त्यातलं किती कारखान्याचं आणि किती वाटेतलं, हे वेगळं काढता आलं तरच तुमच्या मताला किंमत आहे.

सुरुवात लेबलापासून करा. 'पिवो' म्हणजे बिअर. हा शब्द आपल्या 'पिणे'चा सख्खा भाऊ आहे, दोन्ही एकाच प्राचीन धातूतून आले. 'स्वेत्लोये' म्हणजे फिकी, उजळ. त्याचं नातं आपल्या 'श्वेत'शी. हे दोन शब्द ओळखले की रशियन दुकानात योग्य बाटली उचलता येते. पुढे 'सुस्ला' या शब्दाजवळ एक टक्केवारी दिसेल, अशा बिअरवर साधारण १२ च्या आसपास. तो आकडा वाचून लोक दचकतात, पण ते अल्कोहोल नाही. माल्टच्या गोड अर्काला रशियनमध्ये सुस्लो म्हणतात. आंबवण्याआधी त्याच्या १०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम विरघळलेला ऐवज होता, एवढाच त्याचा अर्थ. यीस्टने त्यातली साखर खाल्ली की पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल उरतं. अल्कोहोलचा आकडा वेगळा छापलेला असतो.

आता तारीख. बाटलीत भरल्याची तारीख 'रोझलिव' या शब्दाजवळ असते, आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. 'गोदेन दो' म्हणजे अमुक तारखेपर्यंत चांगली. बहुतेक जण फक्त ही दुसरी तारीख पाहतात. तुम्ही पहिली पाहा. मुदत सरायला महिना बाकी असला तरी बिअर म्हातारी झालेली असू शकते. लागर ही ठेवून मुरवायची गोष्ट नाही, जेवढी ताजी तेवढी चांगली. शहराचं नावही वाचा, कारण बाल्टिकाचे कारखाने तुला, रोस्तोव, समारा इथेही आहेत.

बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा, आडवी नको. बाहेर काढल्यावर ७-८ अंश सेल्सियसला ओता. त्याहून थंड असेल तर जीभ बधिर होते, वास वर येत नाही, आणि सगळ्या लागर सारख्याच लागतात. बर्फात गोठवलेला मग दिसायला छान, चाखायला निरुपयोगी. उकाड्यात ग्लास भराभर तापतो, म्हणून एका वेळी १०० मिलिलीटरच ओता आणि उरलेली बाटली परत थंड ठेवा.

ग्लासबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण निम्म्या तक्रारी इथून येतात. दूध, ताक, लस्सी प्यायलेला ग्लास वरवर धुतला तरी काचेला स्निग्धतेचा पातळ थर राहतो, आणि स्निग्धता फेसाची वैरीण. ग्लास गरम पाण्याने धुवा, आतून चिमूटभर मीठ चोळा, भरपूर पाण्याने खंगाळा आणि पालथा घालून वाळू द्या. फडक्याने पुसू नका. परीक्षा सोपी आहे. ओल्या ग्लासात पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर ग्लास स्वच्छ. थेंब थेंब तुटून राहिले तर तेलकट. बिअर ओतल्यावर बुडबुडे काचेला चिकटून बसले असतील, तर नेमका तिथेच मळ आहे.

ग्लास ४५ अंशांत तिरका धरून त्या १०० मिलिलीटरपैकी दोन तृतीयांश ओता, मग सरळ करून उरलेली मधोमध सोडा. फेस तीन-चार सेंटिमीटर आला पाहिजे. रशियन मानकांत बाटलीबंद बिअरच्या फेसाची उंची किमान ४० मिलिमीटर आणि तो किमान ३ मिनिटं टिकावा अशी अट असते, तेव्हा घड्याळ लावून पाहायला हरकत नाही. फेस येऊ न देता काठोकाठ भरलेला ग्लास चाखायच्या कामाचा नाही. फेसात सुटायला हवा तो वायू मग पोटात सुटतो, आणि वास बिअरमध्येच अडकून राहतो.

आता पाहा. रंग फिका सोनेरी, आरपार स्वच्छ. नितळ गाळलेल्या लागरमध्ये गढूळपणा किंवा तरंगणारे कण दिसले तर ती फार जुनी आहे किंवा वाटेत तापली-गारठली आहे.

वास आधी, घोट नंतर. ग्लास फिरवा, नाकाजवळ आणून दोन छोटे श्वास घ्या. एक लांब श्वास घेतला तर नाक लगेच थकतं. चांगल्या तीन क्रमांकात पावाच्या मऊ गाभ्याचा वास यायला हवा, थोडा धान्याचा, आणि त्यावर हॉप्सचा हलका गवताळ, फुलांचा पदर. सातमध्ये माल्ट जरा भरदार असतो. मग घोट घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा आणि गिळा. वाइनसारखी थुंकायची नाही, कारण कडवटपणा घशाकडे उतरताना नीट कळतो आणि गिळल्यावर श्वास सोडताना मागून वास येतो. कडवटपणा वर येऊन स्वच्छ ओसरला पाहिजे. घशात खरखरत राहिला तर काहीतरी बिघडलंय.

बिघाड ओळखायला नेमके वास लक्षात ठेवा. कणसं उकडलेल्या पाण्याचा वास डायमिथाइल सल्फाइडचा. फिका माल्ट कमी तापवून वाळवतात म्हणून या सल्फाइडचा मूळ पदार्थ माल्टमध्ये जास्त उरतो. अर्क जोरात आणि पुरेसा उकळला तर हा वास वाफेबरोबर निघून जातो. पुसटसा असेल तर फिक्या लागरला चालतो. लोणकढ्या तुपाकडे झुकणारा, बटर टोस्टचा वास डायअसिटिलचा. यीस्ट हा पदार्थ तयार करतं आणि वेळ दिला तर परत शोषून घेतं. म्हणजे बिअर घाईने थंड केली. हिरव्या सफरचंदाचा वासही घाईचीच खूण. हे तीन दोष कारखान्याचे.

पुढचे दोन वाटेतले. पहिला उजेडाचा. सूर्यप्रकाशात किंवा ट्यूबलाइटखाली हॉप्समधले कडू पदार्थ तुटतात आणि गंधकयुक्त संयुग तयार होतं. ते इतकं तीव्र असतं की लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. वास जळक्या रबराचा, थोडा हिंगाच्या वळणाचा. तपकिरी काच हा उजेड बराच अडवते, हिरवी फार कमी, पारदर्शक जवळजवळ नाहीच. दुकानातली पुढच्या रांगेतली बाटली घेऊ नका, मागची मागा.

दुसरा दोष उष्णतेचा आणि प्राणवायूचा, आणि आयात बाटलीत सर्वाधिक तोच भेटतो. वास पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा, मागून मधाळ गोडी, आणि हॉप्सचा ताजेपणा गायब. तापमान दर १० अंशांनी वाढलं की ही म्हातारी होण्याची क्रिया साधारण दुपटी-तिपटीने वेगवान होते. पीटर्सबर्गच्या थंड तळघरात सहा महिने सहज काढणारी बिअर नागपूरच्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या गोदामात काही आठवड्यांत या पुठ्ठ्याच्या वासापर्यंत पोचते. 'रशियन बिअर अशीच असते' असं ती चाखून म्हणणं हा कारखान्यावर अन्याय आहे.

हे वास वाचून पाठ होत नाहीत, करून पाहावे लागतात. एकाच खोक्यातल्या तीन बाटल्या घ्या. पहिली सरळ फ्रिजमध्ये. दुसरी तीन आठवडे बंद कपाटात, घरातल्या सर्वांत गरम जागी, मग फ्रिजमध्ये. तिसरी थेट फ्रिजमध्येच ठेवा, पण चाखायच्या दिवशी तिच्यातली बिअर पारदर्शक काचेच्या ग्लासात ओतून खिडकीतल्या उन्हात १५ मिनिटं फक्त तोंड झाकून ठेवा आणि पुन्हा थंड करा. फेस कमी पडेल, त्याकडे लक्ष देऊ नका, फक्त वास घ्या. पहिली आणि दुसरी चाखताना दुसऱ्या कुणाला तरी ओतायला सांगा. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, एकात वेगळी. वेगळा ग्लास कोणता ते आधी सांगा, आवडनिवड नंतर. निव्वळ अंदाजानेही सरासरी तीनांत एकदा बरोबर येतं, म्हणून ही फेरी किमान पाच-सहा वेळा करा.

दोन ग्लासांच्या मध्ये साधं पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा पुरे. चिवडा, चकली, तळलेले शेंगदाणे बाजूला ठेवा. त्यांचं तेल ओठांवरून फेसात उतरतं आणि तिखटाने जीभ झोंबली की कडवटपणा मोजता येत नाही. रशियात बिअरबरोबर वोबला हा खारवून वाळवलेला मासा सोलून खातात, त्यामागे कारण आहे. मीठ कडूपणा दाबतं आणि माल्टची गोडी पुढे आणतं. म्हणून तो, किंवा आपला भाजलेला सुका बोंबील, चाखणं आटोपल्यावर घ्या. त्याआधी ग्लासाच्या तळाशी शेवटचा घोट राहू द्या, तो १५ अंशांपर्यंत येऊ द्या आणि पुन्हा हुंगा. थंडीत लपलेला पुठ्ठा, मका, लोणी, जे काही असेल ते तिथे उघडं पडतं.